नॅस्कार शर्यतीतील शब्दांमागची कारणे कोणी समजावून सांगेल का?

कॉनकॉर्डकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त मी सध्या अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॉनकॉर्ड येथे राहतो. शार्लट मोटर स्पीडवे घरापासून अगदी जवळ आहे आणि मे महिन्याच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या आदल्या रविवारी, तेथे होणाऱ्या ‘कोका-कोला ६००’ या शर्यतीला मी कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर जाणार आहे. फॉर्म्युला वन मी बरीच वर्षे पाहत आलो असल्यामुळे मोटारशर्यतींचे सामान्य ज्ञान मला आहे. परंतु पूर्वतयारी म्हणून नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतील मोटारशर्यतींच्या मोठ्या मालिकेतील काही शर्यती दूरचित्रवाणीवर पाहिल्या, तेव्हा समालोचकांचे निम्मे बोलणे डोक्यावरून गेले.

चालक रेडिओवर सतत ‘गाडी लूज आहे’, ‘गाडी टाइट आहे’ असे सांगत असतात आणि त्यावर पिटमधील, म्हणजे शर्यतीदरम्यान टायर व इंधनासाठी गाडी थांबते त्या जागेतील, एक जण मागच्या काचेतून लांब पाना घालून काहीतरी फिरवतो. तो नेमके काय करतो? कोठेही अपघात झालेला नसताना पिवळा झेंडा का दाखवला जातो? एक फेरी मागे पडलेल्या गाडीला ती फेरी फुकट परत कशी मिळते, आणि त्यात इतरांवर अन्याय होत नाही का? डेटोनाच्या शर्यतीत तर गाड्या एकमेकींना चक्क मागून ढकलत होत्या आणि समालोचकांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. शब्दांच्या याद्या महाजालावर पुष्कळ मिळतात, पण मला त्यांमागची कारणे हवी आहेत. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

डावे वळण यांचा प्रतिसाद

‘लूज’ आणि ‘टाइट’ यांपासूनच सुरुवात करतो, कारण शर्यतीच्या रेडिओवरील बहुतेक संभाषण याच दोन शब्दांभोवती फिरते.

वळण घेताना पुढच्या चाकांची पकड मागच्या चाकांपेक्षा आधी सुटू लागली, तर सुकाणू कितीही डावीकडे फिरवले तरी गाडी सरळ बाहेरच्या भिंतीकडे जाऊ पाहते. ही गाडी टाइट. याउलट मागच्या चाकांची पकड आधी सुटली, तर गाडीचा पार्श्वभाग बाहेर फेकला जातो आणि चालकाने वेळीच सावरले नाही, तर गाडी गर्रकन फिरते. ही गाडी लूज. फॉर्म्युला वनमध्ये आपण ज्यांना अंडरस्टीअर आणि ओव्हरस्टीअर म्हणून ओळखता, त्याच या दोन अवस्था आहेत. टाइट गाडीतल्या चालकाला आपण धडकणार ती भिंत दिसते आणि लूज गाडीतल्या चालकाला ती फक्त ऐकू येते, असे येथे गमतीने म्हणतात. किंचित लूज गाडी वळणातून अधिक वेगाने निघते, म्हणून अनेक निष्णात चालकांना ती तशीच आवडते; मात्र किंचित आणि अती यांतले अंतर फार थोडे असते आणि टायर झिजत जातात तसे तेही बदलत राहते.

आता पान्याविषयी. गाडीच्या चार चाकांवर पडणारा भार सारखा नसतो आणि तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. मागच्या काचेत ठेवलेल्या छिद्रातून पाना घालून स्प्रिंगवरचा स्क्रू फिरवला की मागच्या एका कोपऱ्यावरील भार वाढतो किंवा कमी होतो, आणि चार पायांच्या टेबलाप्रमाणे त्याचा परिणाम कर्णाच्या दिशेने समोरच्या कोपऱ्यावरही होतो. मागचे डावे आणि पुढचे उजवे या जोडीवरचा भार वाढवणे म्हणजे ‘वेज’ वाढवणे. वेज वाढवला की गाडी टाइट होते, कमी केला की लूज होते. क्रू चीफ, म्हणजे त्या गाडीपुरता तांत्रिक प्रमुख, रेडिओवर ‘अर्धा फेरा बाहेर’ असे काही सांगतो, तेव्हा तो याच स्क्रूविषयी बोलत असतो. याखेरीज टायरमधील हवेचा दाब किंचित कमी-अधिक करूनही हाच परिणाम साधता येतो. पिटमध्ये थोडक्या सेकंदांत करता येण्याजोगे एवढेच असते. उरलेले चालकाने आपली ओळ बदलून भागवायचे.

ही ओळ, म्हणजे ज्या मार्गाने गाडी सर्वांत वेगात जाते तो पट्टा, ‘ग्रूव्ह’ या नावाने ओळखली जाते. गाड्या पुन्हापुन्हा तेथून गेल्यामुळे तेथे रबराचा थर बसतो आणि रस्ता काळा दिसू लागतो. टायरमधून सुटलेले रबराचे लहान तुकडे मात्र ग्रूव्हच्या बाहेर, वरच्या बाजूला साचतात. त्यांना ‘मार्बल्स’ म्हणतात. त्यांवर चाक गेले की पकड जवळजवळ नाहीशी होते. एखादी आघाडीची गाडी कोणी न ढकलता आपणहून भिंतीवर गेलेली दिसली, तर समालोचकाच्या तोंडी बहुधा हाच शब्द असतो.

टायरविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ते सर्वांना गुडइयर कंपनीच पुरवते, त्यामुळे टायर कोणाचा चांगला हा प्रश्नच उद्भवत नाही. तो किती जुना आहे एवढेच पाहायचे. अगदी नव्या टायरवर कंपनीची चिठ्ठी तशीच असते म्हणून तो ‘स्टिकर’, आणि थोडा चालवून उतरवलेला तो ‘स्कफ’. अंडाकृती मैदानावर वळणे सगळी डावीकडची असल्यामुळे गाडीचा भार उजवीकडे झुकतो आणि उजवे टायर लवकर झिजतात. म्हणूनच वेळ वाचवायचा असेल, तेव्हा संघ फक्त उजवीकडचे दोन बदलून गाडी सोडतात. २०२२ पासून आलेल्या ‘नेक्स्ट जेन’ गाडीत चाक मध्यभागी एकाच नटाने बसवलेले असते; त्याआधी ते पाच नटांनी बसवलेले असे, आणि पाचही नट एका दमात काढून पुन्हा घट्ट करणारा कर्मचारी हा संघाचा खरा कसबी माणूस मानला जाई. मला वैयक्तिकरीत्या ते दृश्य नाहीसे झाल्याची रुखरुख आहे.

आपण ज्या शर्यतीला जाणार आहात, ती सायंकाळी सुरू होऊन रात्री उशिरा संपते. ऊन असताना तापलेला रस्ता सूर्यास्तानंतर थंड होतो, त्याची पकड बदलते आणि उजेडात सुरेख चालणारी गाडी दिव्यांखाली भलतीच टाइट होऊ शकते. त्यामुळे त्या वेळी रेडिओवरची तक्रार अवश्य ऐका. शर्यत पुढे कोणाच्या हाती जाणार, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

जुना प्रेक्षक यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी पिवळ्या झेंड्याविषयी लिहितो, कारण फॉर्म्युला वनकडून येणाऱ्या माणसाची सर्वांत जास्त गल्लत तेथेच होते.

पिवळा झेंडा, म्हणजे ‘कॉशन’, दाखवला की सर्व गाड्या पेस कारमागे, म्हणजे सर्वांपुढे संथ चालणाऱ्या अधिकृत गाडीमागे, एका ओळीत येतात आणि आघाडीवरच्या चालकाने कष्टाने मिळवलेले दहा सेकंदांचे अंतर क्षणार्धात शून्य होते. हा नियमातील दोष नव्हे. या खेळाची रचनाच अशी आहे. शार्लटची फेरी दीड मैलाची असून ती साधारण तीस सेकंदांत पुरी होते. हिरव्या झेंड्याखाली पिटमध्ये जायचे, तर ठरवून दिलेल्या मंद वेगाने पिट रोड ओलांडायचा, टायर बदलायचे, इंधन भरायचे आणि परत बाहेर पडायचे. एवढ्या वेळात इतर गाड्या आपल्याला एका फेरीने मागे टाकतात. तेच काम कॉशनमध्ये केले, तर बाकीचेही संथ चालत असल्यामुळे फक्त काही क्रमांक गमवावे लागतात, फेरी जात नाही.

आता अशी कल्पना करा की अर्ध्या गाड्या हिरव्या झेंड्याखाली पिटमध्ये जाऊन आल्या, उरलेल्या अर्ध्या जायच्या आहेत आणि नेमका त्याच वेळी कोणीतरी भिंतीवर आदळून पिवळा झेंडा पडला. ज्यांनी वेळेवर आणि शहाणपणाने काम उरकले, ते सगळे एक फेरी मागे अडकतात आणि ज्यांनी विलंब केला, ते आरामात टायर बदलून पुढे राहतात. या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे ‘वेव्ह अराउंड’. पिटमध्ये न जाता थांबलेल्या आणि त्यामुळे रांगेत प्रत्यक्ष आघाडीवीराच्याही पुढे उभ्या असलेल्या गाड्यांना, शर्यत पुन्हा सुरू होण्यापूर्वी, पेस कार ओलांडून संपूर्ण चक्कर मारून रांगेच्या शेवटी येऊ दिले जाते. फेरी परत मिळते, परंतु ताजे टायर मिळत नाहीत. म्हणजे किंमत मोजावीच लागते.

आपण विचारलेली फुकटची फेरी म्हणजे ‘फ्री पास’, ज्याला प्रेक्षक ‘लकी डॉग’ म्हणतात. आघाडीच्या फेरीवर नसलेल्या गाड्यांपैकी जी सर्वांत पुढे असेल, तिला प्रत्येक कॉशनला एक फेरी परत दिली जाते, मात्र तो कॉशन तिनेच ओढवलेला असता कामा नये. याचा उगम सुरक्षिततेच्या नियमात आहे. पूर्वी पिवळा झेंडा पडल्यावरही गाड्या आरंभरेषेपर्यंत पूर्ण वेगाने धावत, आणि त्या अवधीत मागे पडलेला चालक आघाडीवीराला ओलांडून आपली फेरी परत मिळवू शकत असे. सप्टेंबर २००३ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या शर्यतीत डेल जॅरेट यांची गाडी मुख्य सरळ मार्गावरच बंद पडून आडवी उभी राहिली आणि इतर गाड्या रेषेकडे भरधाव येत राहिल्या. तो प्रसंग थोडक्यात निभावला. पण त्यानंतर लगेच ही धाव बंद करण्यात आली. पिवळा दिवा लागताच क्रम गोठवायचा असे ठरल्यावर, फेरी परत मिळवण्याचा जो मार्ग बंद झाला, त्याची भरपाई म्हणून एका गाडीला ही सवलत देण्यात आली. त्यामुळे ‘लकी डॉग’च्या जागेसाठी मागच्या गाड्यांत चाललेली झुंज पाहण्यासारखी असते, विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकासाठी दोन चालक इतके का भांडत आहेत, हे नवख्याला समजत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

अपघाताविना पिवळा झेंडा दिसला, तर तो बहुतेक वेळा ‘स्टेज’ संपल्याचा असतो. २०१७ पासून प्रत्येक शर्यत टप्प्यांत विभागली आहे. टप्पा संपताना पहिल्या दहांत असलेल्यांना दहापासून एकपर्यंत गुण मिळतात आणि मग पिवळ्या झेंड्याखाली सगळे पुन्हा एकत्र येतात. इतर शर्यतींत सामान्यतः तीन टप्पे असतात. ४०० फेऱ्यांच्या आपल्या शार्लटच्या शर्यतीत मात्र शंभर-शंभर फेऱ्यांचे चार. माझे स्पष्ट मत असे आहे की, ठरलेल्या वेळी येणारा हा थांबा खेळातील अनिश्चितता कमी करतो आणि जाहिरातींना सोयीची जागा करून देतो. याविषयी चाहत्यांत दोन तट आहेत.

शेवटी ‘ओव्हरटाइम’. शर्यत पिवळ्या झेंड्याखाली संपू नये म्हणून अखेरच्या फेऱ्यांत कॉशन आल्यास ठरलेले अंतर ओलांडून आणखी दोन फेऱ्यांची धाव घेतली जाते: आधी हिरवा, मग शेवटच्या फेरीचा पांढरा, मग चौकडीचा झेंडा. आघाडीवीराने पांढरा झेंडा घेतल्यानंतर मात्र पुढचा कोणताही झेंडा शर्यत संपवतो. चाळीसभर गाड्या, उरलेल्या दोन फेऱ्या आणि कोणालाच गमावण्यासारखे फारसे काही नाही, अशा स्थितीत पुढे काय होते, ते आपण पाहालच.

कॉनकॉर्डकर यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वेव्ह अराउंडचे कोडे पूर्णपणे सुटले. एक शंका उरली आहे. शेवटच्या कॉशनमध्ये टायर जुने असूनही काही जण पिटमध्ये न जाता बाहेरच थांबतात आणि त्याचे समर्थन करताना समालोचक ‘क्लीन एअर’ असे काहीसे म्हणतात. नवे टायर सोडून देण्याइतके हवेचे मोल कसे काय? आणि डेटोनातील ढकलाढकलीचे उत्तर अद्याप बाकी आहे.

यंत्रप्रेमी यांचा प्रतिसाद

दोन्ही प्रश्न एकाच हवेचे आहेत, फक्त मैदानानुसार तीच हवा कधी शत्रू तर कधी मित्र होते.

शार्लटसारख्या दीड मैलाच्या मैदानावर वळणात गाडीला रस्त्यावर दाबून धरण्याचे बरेचसे काम हवा करते. आघाडीच्या गाडीच्या नाकावर स्वच्छ, अखंड प्रवाह येतो. तिच्या मागोमाग असणाऱ्या गाडीला मिळते ती घुसळलेली हवा, ‘डर्टी एअर’. तिच्या नाकावरचा दाब कमी होतो, पुढच्या चाकांची पकड सुटते आणि गाडी टाइट होते. म्हणजे आपला पहिला शब्द येथे पुन्हा आला, फक्त आता दोष स्प्रिंगचा नसून पुढच्या गाडीचा आहे, आणि मागच्या काचेतून पाना घालून तो दुरुस्त होत नाही. यामुळेच जुन्या टायरवरची पण आघाडीवरची गाडी नव्या टायरवरच्या दहाव्या गाडीला काही फेऱ्या सहज थोपवून धरू शकते. किती फेऱ्या, हाच क्रू चीफचा जुगार असतो. पंधरा फेऱ्या उरल्या असतील तर बाहेर थांबणे सहसा अंगाशी येते. तीन उरल्या असतील तर जिंकूनही जातो.

डेटोना आणि टॅलाडेगा येथे चित्र उलटे आहे. अडीच मैलांचे डेटोना १९५९ मध्ये सुरू झाले आणि त्याची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत, टॅलाडेगा २.६६ मैलांचे असून तेथील कल ३३ अंशांचा आहे. एवढ्या कलावर गाडी पूर्ण फेरीभर वेग न आवरता पळवता येते, म्हणून पकडीचा प्रश्न मागे पडतो आणि हवेचा अवरोध हाच एकमेव शत्रू उरतो. पुढच्या गाडीने हवा फाडली की तिच्या मागे येणाऱ्याला कमी अवरोध सोसावा लागतो, हा झाला ‘ड्राफ्ट’. १९६० च्या डेटोना ५०० मध्ये ज्युनिअर जॉन्सन यांनी आपली तुलनेने मंद शेव्हरोले वेगवान पॉन्टिॲक गाड्यांच्या मागे चिकटवून ठेवली आणि शर्यत जिंकली. या युक्तीचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. यातला खरा गमतीचा भाग असा की लाभ एकट्या मागच्याचा नसतो. मागच्या गाडीचे नाक जवळ आले की पुढच्या गाडीमागची ओढून धरणारी पोकळी भरून निघते आणि दोघी मिळून एकटीपेक्षा अधिक वेगाने जातात. ढकलणे, म्हणजे ‘बम्प ड्राफ्ट’, ही म्हणूनच कुरापत नसून मदत असते, अर्थात सरळ मार्गावर आणि नेमकी मधोमध दिली तर. वळणात किंवा एका कोपऱ्यावर दिलेला तोच धक्का पुढच्या गाडीला फिरवतो, आणि मग चाळीस गाड्या दोन-तीन ओळींत बंपरला बंपर लावून पळत असल्यामुळे एकाच वेळी पंधरा-वीस गाड्यांचा चक्काचूर होतो. त्याला येथे ‘बिग वन’ म्हणतात आणि तो कोणत्या फेरीला होईल, यावर प्रेक्षकांत पैजा लागतात.

एकटी पडलेली गाडी तेथे किती असहाय असते, हेही पाहून घ्यावे. आघाडी घेण्यासाठी चालक ओळ सोडून बाहेर येतो. मागून कोणी त्याच्याबरोबर आले तर तो पुढे सरकतो, कोणीच आले नाही तर एका फेरीत दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरतो. त्यामुळे प्रेक्षागृहाच्या छतावरून शर्यत पाहणारा ‘स्पॉटर’ आपल्या चालकाला केवळ आजूबाजूची वाहतूक सांगत नाही, तर तेथेच शेजारी उभ्या असलेल्या इतर स्पॉटरांशी शर्यत चालू असतानाच सौदेही करत असतो.

इंजिनांचा श्वास आवळण्याचा नियमही येथूनच आला. १९८७ साली टॅलाडेगा येथे बिल एलियट यांनी पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैलांचा वेग गाठला. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसन यांचा टायर फुटून गाडी हवेत उडाली, तिने प्रेक्षकांसमोरचे जाळीचे कुंपण फाडले आणि काही प्रेक्षक जखमी झाले. १९८८ पासून या दोन मैदानांवर ‘रिस्ट्रिक्टर प्लेट’, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मर्यादित करणारी छिद्रांची पट्टी, सक्तीची झाली. २०१९ च्या डेटोना ५०० नंतर ती जाऊन तिच्या जागी वेगळ्या घडणीचा भाग आला, तरी ‘प्लेट रेसिंग’ हा शब्द जुन्या चाहत्यांच्या तोंडून गेलेला नाही. वेग कमी झाला हे खरे; परंतु सर्व गाड्यांची ताकद सारखीच आवळली गेल्यामुळे त्या एकमेकींपासून सुटेनाशा झाल्या आणि मोठे जथे बनू लागले. एका धोक्यावरच्या औषधाने दुसरा धोका निर्माण केला, असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही.

वाचनमात्र यांचा प्रतिसाद

मी पुण्यातून या शर्यती पाहतो आणि एरवी केवळ वाचत असतो, परंतु दोन गोष्टी विचाराव्याशा वाटल्या. एखाद्या भारतीयाने तेथे भाग घेतला आहे का? आणि काही वर्षांपूर्वी एका चालकाने भिंतीला घासत गाडी पळवल्याचे जे चित्रण सर्वत्र फिरत होते, ते नियमांत बसते का?

डावे वळण यांचा प्रतिसाद

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. फॉर्म्युला वनमध्ये धावलेले नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेत, म्हणजे पिकअप ट्रकच्या शर्यतींत, उतरले. त्यांची पहिली शर्यत व्हर्जिनियातील मार्टिन्सविल येथे झाली. हे मैदान जेमतेम अर्ध्या मैलाचे, जवळपास सपाट आणि कागदाच्या क्लिपच्या आकाराचे असून, तेथे ब्रेक आणि बंपर हीच मुख्य हत्यारे असतात.

दुसरी घटनाही मार्टिन्सविलचीच, ३० ऑक्टोबर २०२२ ची. रॉस चॅस्टेन यांना विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या अंतिम चौघांत जाण्यासाठी शेवटच्या वळणांत आणखी क्रमांक हवे होते. त्यांनी गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, वेग न आवरता ती बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि भिंतीच्याच आधाराने वळण घेत, ब्रेक लावून वळणाऱ्या पाच गाड्या मागे टाकल्या. त्या दिवशी ते वैध ठरले. पुढील हंगामापूर्वी नॅस्कारने सुरक्षिततेच्या आधीपासून असलेल्या नियमाचा आधार घेऊन अशा कृत्यास यापुढे दंड केला जाईल असे जाहीर केले. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता, कारण दहा जणांनी एकाच वेळी तसे केले असते तर भिंतीवर जागाच उरली नसती.

कॉनकॉर्डकर, एक व्यावहारिक सूचना. कुंपणालगतच्या खालच्या रांगांतील जागा घेऊ नका. तेथून गाड्या केवळ रंगीत रेघांसारख्या दिसतात आणि विरुद्ध बाजूचा सरळ मार्ग मुळीच दिसत नाही. जितके वर बसाल, तितके चांगले. चालक आणि क्रू चीफ यांचे संभाषण ऐकण्यासाठी मैदानावर रेडिओ स्कॅनर भाड्याने मिळतो. तो कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनसह घ्या, कारण आवाज खरोखरच असह्य असतो. एकच गाडी निवडून सुरुवातीपासून तिचाच रेडिओ ऐकलात, तर पहिला टप्पा संपेपर्यंत ती टाइट आहे की लूज, हे समालोचकाच्या आधी आपल्याला कळू लागेल.